मण्यांची माळ, चाळीस वर्षांच्या मिशा आणि आईची भाजणी

  हेडफोन लावलेत? मग चला.

आजच्या भागाची सुरुवात एका प्लास्टिकच्या पिशवीपासून करते. किलोभर मावेल एवढी पिशवी, तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवलेलं, आत थालीपिठाची भाजणी. आम्ही तेव्हा सांगलीत राहायचो. आई दर पंधरवड्याला ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरं असं सगळं वेगवेगळं भाजायची, गिरणीतून दळून आणायची आणि गल्लीत विकायची. कुणी विचारलं, "वहिनी, हे काय नवीन सुरू केलंत?" की ती म्हणायची, "काही नाही हो, दुपारी वेळ जात नाही."

धादांत खोटं. आईला दुपारी पाठ टेकायलाही वेळ नसायचा. ते पैसे मिरजेच्या डॉक्टरांसाठी आणि दादाच्या गोळ्यांसाठी होते. दादा सातवीत असताना प्रार्थनेच्या रांगेत पहिल्यांदा पडला. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला. (हे दोन्ही करायचं नसतं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना. एवढं आजच्या भागातून लक्षात ठेवलंत तरी मला चालेल.) त्या वर्षी शाळेनं दादाला सहलीला नेलं नाही. आणि आमच्या घरात 'फिट' हा शब्द बंद झाला. 'चक्कर' म्हणायचं. 'दादाला चक्कर येते.'

तर या भागासाठी मी वाचायला बसले ते वेगळ्याच कारणानं. एका श्रोत्यानं विचारलं होतं की अपस्मारासाठी, म्हणजे एपिलेप्सीसाठी, साध्या माणसांनी पैसे कसे उभे केले याचा काही इतिहास आहे का? मला वाटलं, असेल काहीतरी, दोन-चार मॅरेथॉन वगैरे. पण पहिल्याच गोष्टीत मला आमचं स्वयंपाकघर दिसलं.

गोष्ट लंडनची आहे, १८५० च्या दशकातली. जोहाना चँडलर, तिची बहीण लुइझा आणि भाऊ एडवर्ड. आईवडील नव्हते, आजीनं वाढवलेली ही भावंडं. आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. या पोरांनी तिची सेवा तर केलीच, पण करता करता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आपण निदान घरात आहोत, घर आहे. ज्याला घर नाही, त्या अर्धांगवायूच्या माणसाला लंडनसारख्या शहरात कुठे जागा आहे?

उत्तर होतं, जवळजवळ कुठेच नाही. त्या काळातली बरीचशी इस्पितळं देणग्यांवर चालायची, आणि देणगीदारांना दाखवायला 'इतके आले, इतके बरे होऊन गेले' असा हिशेब लागायचा. जो रुग्ण महिनोन्महिने खाट अडवणार आणि बरा होईल याची खात्री नाही, तो नकोसा. अपस्माराच्या रुग्णांचं तर त्याहून वाईट. घरच्यांना झेपलं नाही की गरिबांच्या आश्रमात नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात. म्हणजे एरवी तुमच्या-माझ्यासारखा बोलणारा-चालणारा माणूस, महिन्यातून दोनदा काही मिनिटं झटका येतो म्हणून कुलुपाआड.

चँडलर बहिणींकडे पैसा नव्हता. ओळखीही मोठ्या नव्हत्या. मग त्या एक कला शिकल्या. बारीक शिंपले, मोती, काचेचे मणी ओवून फुलं आणि नाजूक दागिने करायचे, आणि ते विकायचे. डोळ्यांसमोर आणा जरा. संध्याकाळचा दिवा, टेबलावर बशीत सांडलेले मणी, आणि दोघी बहिणी सुईत दोरा ओवतायत. एकेक दागिना विकून त्यांनी २०० पौंड जमवले.

आता इथे बरेच लोक गोष्ट थांबवतात. मण्यामण्यानं इस्पितळ उभं राहिलं वगैरे. ऐकायला छान वाटतं, पण तसं झालं नाही. २०० पौंडांत त्या काळीही इस्पितळ होत नव्हतं. मात्र त्या २०० पौंडांच्या जोरावर या भावंडांनी लंडनचे लॉर्ड मेयर डेव्हिड वायर यांचं दार वाजवलं. आणि योग असा, की वायर यांना स्वतःला अर्धांगवायूचा त्रास झालेला होता. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. २ नोव्हेंबर १८५९ रोजी त्यांनी मॅन्शन हाउसमध्ये जाहीर सभा बोलावली आणि तिथे ८०० पौंड जमले.

बघा हं. कित्येक महिन्यांच्या मण्यांचे २००, आणि एका सभेचे ८००. मग मण्यांचा उपयोग काय? मला विचाराल तर सगळा उपयोग मण्यांचाच. रिकाम्या हातानं मेयरकडे गेलेल्या दोन मुलींना चहा मिळाला असता फार तर. दुसरं म्हणजे, दागिना विकत घेणारी प्रत्येक बाई विचारणार, 'हे कशासाठी गं?' आणि या बहिणी सांगणार. म्हणजे पैशांच्या आधी त्यांनी शेकडो वेळा ती गोष्ट बोलून दाखवली असणार. आमच्या आईनं मात्र 'वेळ जात नाही' असं सांगितलं. मणी आणि भाजणी, मेहनत तीच. फरक एवढ्या एका वाक्याचा.

१८६० मध्ये क्वीन स्क्वेअरमधल्या एका घरात इस्पितळ सुरू झालं, अवघ्या ८ खाटांचं. नाव 'नॅशनल हॉस्पिटल फॉर द पॅरलाइज्ड अँड एपिलेप्टिक'. आजच्या कानाला हे नाव टोचतं. पण तेव्हा जो शब्द लोक कुजबुजत होते, तो यांनी दारावरच्या पाटीवर लिहिला होता.

पुढे काय झालं ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. १८६२ मध्ये तिथे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन रुजू झाले. झटका म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, मेंदूच्या पेशींमधून अचानक, अतिरेकी प्रमाणात उसळलेली ऊर्जा, हे त्यांनी रुग्णांचं बारीक निरीक्षण करून मांडलं. हात आधी थरथरतो की तोंड, यावरून मेंदूतली जागा ओळखता येते, हे त्यांचंच काम. १८८६ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी याच इस्पितळात अपस्माराच्या एका तरुण रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. आज कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला 'क्वीन स्क्वेअर' म्हणून बघा, तो कानाला हात लावेल, आदरानं. ते इस्पितळ आजही तिथेच आहे. जोहाना १८७५ मध्ये गेली, शेवटपर्यंत याच कामात. यातलं पुढचं बरंच काही तिनं पाहिलं नाही.

याच मंडळींच्या वर्तुळातून १८९२ मध्ये आणखी एक संस्था निघाली, अपस्माराच्या रुग्णांना काम आणि निवारा देणारी. जॉन पासमोर एडवर्ड्स या वृत्तपत्रमालकानं तिला चॅलफोंटला शेतजमीन घेऊन दिली. सुताराचा मुलगा, स्वतः कमावलेला पैसा, आणि वाचनालयं-इस्पितळं बांधायचा छंद. त्याच्यावर एक वेगळा भाग करायला हवा. आज नको.

आता शंभर वर्षं पुढे येऊ, आणि थोडं तुमच्या जिममध्ये.

तुमच्यापैकी किती जण कीटो डाएट करतात किंवा करून सोडलंय? हात वर करा. मला दिसत नाहीयेत, पण भरपूर असणार. हा आहार वजन कमी करण्यासाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो सुचवला तो अपस्मारासाठी. उपाशी राहिलं की झटके कमी होतात हे पूर्वापार दिसत आलेलं होतं. पण माणसाला किती दिवस उपाशी ठेवणार? म्हणून भरपूर स्निग्ध पदार्थ, पिष्टमय जवळजवळ नाहीच, अशा आहारानं शरीराला 'उपास चालू आहे' असं फसवायचं. मुलांना त्याचा गुण येत होता. पुढे नवनवीन औषधं आली, आणि मोजूनमापून स्वयंपाक करण्यापेक्षा गोळी सोपी, म्हणून तो आहार मागे पडला.

१९९३ मध्ये हॉलिवूडच्या जिम अब्राहम्स यांच्या वर्षभराच्या मुलाला, चार्लीला, झटके यायला लागले. अब्राहम्स म्हणजे १९८० चा 'एअरप्लेन!' हा धमाल विनोदी सिनेमा करणाऱ्या तिघांपैकी एक. औषधांमागून औषधं झाली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, झटके थांबेनात. शेवटी बाप स्वतः वाचनालयात जाऊन बसला आणि पुस्तकं चाळता चाळता त्याला या जुन्या आहाराचा उल्लेख सापडला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली तो अजून वापरत होते. चार्लीला तिथे नेलं, आणि थोड्याच दिवसांत झटके थांबले.

या माणसाला आनंद झाला असेल, पण त्याहून जास्त संताप आला असावा, असं त्याच्या पुढच्या कामावरून वाटतं. हे आधी कुणी सांगितलं का नाही? १९९४ मध्ये त्यानं चार्ली फाउंडेशन काढलं. आणि मग जे येत होतं तेच केलं, कॅमेरा लावला. आईवडिलांसाठी, डॉक्टरांसाठी, आहारतज्ज्ञांसाठी माहितीच्या व्हिडिओ टेप बनवून वाटल्या. संशोधनाला पैसा दिला. १९९७ मध्ये स्वतः दिग्दर्शन करून '...फर्स्ट डू नो हार्म' हा दूरचित्रवाणीसाठीचा सिनेमा केला, त्यात आईच्या भूमिकेत मेरिल स्ट्रीप! आयुष्यभर लोकांना हसवलेल्या माणसानं एकदा रडवलं. आज जगभर मुलांच्या मेंदूविकार विभागांमध्ये हा आहार पुन्हा दिला जातो. (वैद्यकीय देखरेखीखालीच हं! इन्स्टाग्रामवरचं कीटो बघून घरातल्या पेशंटच्या गोळ्या बंद करणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये.)

आता मिशा. मला ही गोष्ट सांगायची घाई झालीय.

डेव्हिड ॲक्सलरॉड. बराक ओबामांना निवडून आणणारे रणनीतीकार म्हणून जग त्यांना ओळखतं. त्यांची मुलगी लॉरेन सात महिन्यांची असताना तिला झटके सुरू झाले, आणि पुढची कित्येक वर्षं ते कुटुंब त्यात भरडलं गेलं. १९९८ मध्ये तिची आई सुझन हिनं आणखी काही आयांना बरोबर घेऊन 'क्युअर' ही संस्था काढली, अपस्मारावरच्या संशोधनासाठी. म्हणजे पुन्हा बायकाच, पुन्हा घरूनच सुरुवात.

२०१२ ची निवडणूक. ॲक्सलरॉड यांनी टीव्हीवर पैज लावली की मिशिगन, मिनेसोटा किंवा पेनसिल्व्हेनिया यांपैकी एकही राज्य ओबामा हरले, तर मी मिशा उतरवीन. चाळीस वर्षांच्या मिशा. ओबामा तिन्ही जिंकले, मिशा वाचल्या. एखादा म्हणाला असता, चला, सुटलो! यांनी काय केलं? जाहीर केलं की अपस्मार संशोधनासाठी १० लाख डॉलर जमले, तर मी तरीही मिशा काढतो.

पैसे आले. सिनेमानटांकडून आले, पडलेल्या पक्षाच्या बाजूच्या लोकांकडून आले. तेव्हा ओबामांवर रोज तोंडसुख घेणारे डोनाल्ड ट्रम्प, त्यांनीही १ लाख डॉलर दिले. राजकीय विरोधकाची मिशी जाताना बघायला कोण पैसे देणार नाही? आपल्याकडे कुणी हे करून बघा, तासाभरात वर्गणी पुरी होईल. ७ डिसेंबर २०१२ ला थेट प्रक्षेपणात वस्तरा फिरला.

हसून झालं की एक लक्षात घ्या. त्या काही आठवड्यांत अमेरिकेतल्या वृत्तनिवेदकांना ती मिशीची बातमी सांगताना प्रत्येक वेळी 'एपिलेप्सी' हा शब्द उच्चारावा लागला. नाहीतर बातमीच पूर्ण होत नव्हती. पाटीवरचा शब्द, तसाच हा.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या कॅसिडी मेगन या मुलीला अपस्मार होता. आपण एकट्याच असे आहोत असं तिला वाटायचं. २००८ मध्ये तिनं ठरवलं की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी जांभळं काहीतरी घालावं. रंग लॅव्हेंडरच्या फुलावरून घेतला. त्या दिवसाला म्हणतात 'पर्पल डे', २६ मार्च. जांभळा शर्ट, जांभळे केक, जांभळ्या बांगड्या, त्यातून निधी. २०१२ मध्ये कॅनडानं त्या दिवसाला कायद्यानं मान्यता दिली. एका शाळकरी पोरीची कल्पना, मंडळी!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे? आपल्याकडे वर्गणीची परंपरा कुणाहून कमी आहे का? गणपतीची पावती पुस्तकं जाऊ द्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी काळे यांनी माणशी एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एक पैसा! देणारे हात आपल्याकडे आहेतच. पण फिटच्या आजारासाठी कुणी पावती पुस्तक घेऊन दारात आल्याचं मला आठवत नाही. मागणाऱ्याला आधी कबूल करावं लागतं ना, की हे माझ्या घरात आहे.

आणि कबूल न करण्याला कारणही होतं, चक्क कायद्यातलं. हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या बरोबरीनं अपस्माराचा उल्लेख होता. असा माणूस वैध लग्नाच्या अटीत बसत नव्हता, लग्न रद्द ठरवता येत होतं. १९७० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशननं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि डिसेंबर १९९९ मध्ये संसदेनं तो शब्द कायद्यातून काढला. म्हणजे माझ्या आईच्या लग्नाच्या वेळी तो शब्द कायद्यात होता. ती 'चक्कर' का म्हणायची, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. फेनोबार्बिटॉलसारखं १९१२ पासून वापरात असलेलं औषध तर अगदी स्वस्त आहे. म्हणजे या कामात थोडा पैसाही लांब जातो. तालुक्याच्या गावी एक शिबिर, महिन्याच्या गोळ्या, एकदा ईईजी. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे संस्थांसाठी निधी उभा करतात, तसा करा. वाढदिवसाच्या पार्टीऐवजी करा. संस्था नोंदणीकृत आहे ना, पावती देते ना, एवढं बघा. आणि हात जोडून एक विनंती, झटका आलेल्या माणसाचा व्हिडिओ टाकून पैसे मागू नका. चँडलर बहिणींनी आजीला सभेत नेऊन दाखवलं नाही, मणी दाखवले.

हे सगळं वाचून झाल्यावर मी दादाला फोन केला. म्हटलं, "तुझी गोष्ट सांगू का भागात?" तो म्हणाला, "माझं नाव घेऊ नको. आजाराचं घे." दादा आता एका ऑफिसात हिशेब बघतो, चार वर्षांत एकही झटका नाही, गोळी मात्र चालू. सध्या त्याचं लग्न ठरतंय. मुलीला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. आईला न विचारता. आई दोन दिवस जेवली नाही. मुलीचा तिसऱ्या दिवशी मेसेज आला, गोळ्यांची वेळ काय असते म्हणून.

मग यंदाच्या २६ मार्चला आम्ही भाजणी केली. ४० किलो. मी मोबाइलवर छान स्टिकर तयार केलं, जांभळ्या रंगात, 'या भाजणीचा नफा अपस्माराच्या रुग्णांच्या औषधांसाठी'. आईनं ते हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं, बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, झालं, आता फाडणार. तिनं पेन मागितलं. 'अपस्माराच्या' वर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'फिटच्या'. म्हणाली, "गल्लीत तुझं ते अपस्मार कुणाला कळणार आहे?" मग बसून सगळ्या स्टिकरांवर तेच केलं, एकेक करून.

३१ किलो विकली गेली. खर्च वजा जाता २,७९० रुपये उरले, ते शेजारच्या तालुक्यात मोफत शिबिर घेणाऱ्या डॉक्टरांकडे औषधांसाठी दिले. उरलेली ९ किलो आम्ही अजून खातोय, रोज थालीपीठ, विचारू नका.

आणि त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू मागच्या दारानं आल्या. भाजणी त्यांनी सकाळीच नेली होती. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, आमच्या धाकटीलाही येतात. तीन वर्षं झाली. तुम्ही कुठे दाखवता?"

आईनं त्यांना आत बोलावलं, बसायला पाट दिला आणि मिरजेच्या डॉक्टरांचा पत्ता त्याच पेनानं लिहून दिला.

आजच्यापुरतं एवढंच, मंडळी. पुढच्या भागात भेटू.